औंध नावाचं माप

१९३१ च्या जनगणनेत औंध संस्थानची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास भरली होती. गावं होती ७२. भागून पाहिलं तर गावामागे हजार-साडेदहाशे माणूस. आज व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ जण बसतात. म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची सगळी प्रजा, तान्ह्या पोरांसकट, ७५ ग्रुपांत मावली असती. गावं बहात्तर, ग्रुप पंचाहत्तर. यात कुणाची योजना नाही. १,०२४ हा दोनाचा दहावा घात, संगणकवाल्यांचा लाडका आकडा. पण योग असा जुळला आहे की एक भरलेला ग्रुप म्हणजे औंध संस्थानातलं एक सरासरी गाव.

हे औंध साताऱ्याचं, खटाव तालुक्यातलं, पुण्यातलं नव्हे. यमाईचं, भवानी संग्रहालयाचं, सूर्यनमस्कारवाल्या राजाचं. संस्थान तसं लहान, पाचशे चौरस मैलांचं, आणि तेही सलग नाही. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे तुकडे. त्यामुळे आज त्याचा वारसा सातारा, सांगली आणि विजापूर अशा जिल्ह्यांत वाटला गेला आहे.

इंटरनेटवरच्या कचऱ्याविषयी लिहायचं तर कोटी, अब्ज, खर्व असे शब्द येणारच. हे शब्द डोळ्यांखालून नुसते सरकतात. हजार कोटी आणि दहा हजार कोटी वाचताना पोटात सारखाच गोळा येतो किंवा सारखाच येत नाही. म्हणून या लेखापुरतं एक माप ठरवू. एक औंध म्हणजे ७६ हजार माणसं. डोळ्यांसमोर आणता येतील, जत्रेत पाहिलेली आहेत, एवढी.

आता सुरुवात सकाळपासून.

समजा, गावच्या ग्रुपवर पूर्ण १,०२४ जण आहेत आणि प्रत्येकाने सकाळी एकच चित्र टाकलं. उगवता सूर्य, दवाचा थेंब असलेला गुलाब, वाफाळता चहा, खाली दोन ओळींचा सुविचार. प्रत्येकाचं चित्र उरलेल्या १,०२३ जणांच्या फोनवर जातं. १,०२४ गुणिले १,०२३ म्हणजे १० लाख ४७ हजार ५५२ चित्रं. एका गावात, एका सकाळी. एक चित्र बघून अंगठ्याने वर ढकलायला दोन सेकंद लागतात असं धरा. प्रत्येकाची चौतीस मिनिटं गेली. सगळ्या गावाची मिळून ५८२ तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर जवळजवळ ७३ दिवसांचं काम. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने एका सकाळच्या शुभेच्छांची मजुरी साडेबावीस हजारांवर जाते आणि वर्षाची ८२ लाखांच्या पुढे. एवढ्या पैशांत गावात काय काय होईल, ते ज्याने त्याने आपल्या गावापुरतं ठरवावं.

कुणी म्हणेल, सगळे थोडेच टाकतात? बरोबर आहे. दहातल्या एकानेच टाकलं असं धरू. तरी १ लाख ४ हजारांवर चित्रं आणि सात दिवसांची मजुरी, रोज. आणि सगळे ती उघडतात असंही नाही, पण ती फोनमध्ये उतरतात. सगळ्यांनी टाकलं असं पुन्हा धरलं आणि एक चित्र १०० केबीचं मानलं, तर प्रत्येक फोनवर दिवसाला शंभर एमबी, महिन्याला तीन जीबी. ३२ जीबीचा फोन दहा महिन्यांत गुलाबांनी भरला. ही नुसती कागदावरची भीती नाही. २०१८ च्या जानेवारीत बातमी आली होती की भारतातले फोन का अडकतात याचा शोध गुगलच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा कारण सापडलं ते सकाळच्या शुभेच्छांचं. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपत होती. अमेरिकेत हेच प्रमाण दहात एक. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या काका-मावश्यांच्या सूर्योदयासाठी वेगळा झाडू तयार करावा लागला.

त्यात वाढदिवस. १,०२४ माणसांच्या गावात दिवसाला सरासरी पावणेतीन वाढदिवस येतात, त्याला इलाज नाही. चौथाई लोकांनी शुभेच्छा दिल्या तरी दिवसाला सातशेच्या वर संदेश. मग उत्सवमूर्तीचे 'सर्वांचे मनःपूर्वक आभार', आणि काही सभ्य माणसं प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानतात. त्यात देशाचा मृत्युदर हजारी सहाच्या आसपास, म्हणजे वर्षाकाठी गावात पाच-सहा मयती, शिवाय ग्रुपमधल्यांच्या पाहुण्यारावळ्यांकडच्या वेगळ्या. एकाच पडद्यावर वर केक, मधे हार घातलेला फोटो, खाली डीजेची जाहिरात, आणि भावपूर्ण श्रद्धांजलीच्या रांगेत कुणीतरी घाईघाईत टाकलेलं 'जय हो भावा'. मराठी ग्रुपवर असणाऱ्या कुणाला हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात जे सांगायचं असतं ते बुडतं. खटाव-माण हा दुष्काळी पट्टा. इथे जिहे-कठापूरचं पाणी कधी येणार, आटपाडीकडे टेंभूचं आवर्तन कधी सुटणार, ही खरी बातमी. पाइपलाइन फुटली म्हणून उद्या नळाला पाणी नाही, दुपारी दोन ते पाच लाईट जाणार, तलाठी उद्या चावडीवर बसणार, लाळ्या-खुरकुताची लस आली आहे: गावाच्या कामाचे संदेश मोजले तर दिवसाला पाच-सातच्या वर जात नाहीत. सातशे शुभेच्छांमध्ये सात. शंभरात एक. सुक्या बोंबलाच्या पोत्यात पडलेली सुई निदान टोचते तरी. आवर्तनाचा संदेश टोचतही नाही. तो संध्याकाळी सापडतो, तोवर पाणी शेजारच्या रानात गेलेलं असतं.

एका गावातून बाहेर पडलो की आकडे बेफाम होतात. २०१७ च्या ३१ डिसेंबरला भारतीयांनी व्हॉट्सॲपवर २,००० कोटींहून जास्त संदेश पाठवले, तेव्हाचा उच्चांक. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने आपले भारतातले वापरकर्ते २० कोटी सांगितले होते. म्हणजे माणशी शंभर. हे सगळे संदेश एका औंधला वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाख ६३ हजार आले असते. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता, तीन दिवस आणि तीन रात्री 'हॅपी न्यू इयर' वाचावं लागलं असतं. आणि २०२० च्या ऑक्टोबरात मार्क झुकरबर्गने सांगितलं की जगभरात व्हॉट्सॲपवर रोज १०० अब्ज, म्हणजे दहा हजार कोटी संदेश जातात. एरवीच्या दिवशी, सण नसताना. भागाकार केला तर सेकंदाला साडेअकरा लाख. दर सेकंदाला पंधरा औंध बोलतात.

मग यातलं फुकटचं किती आणि कामाचं किती? आणि लोक फुकटचं पाठवतातच का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाठवायला काही पडत नाही.

पन्नासेक वर्षांपूर्वी घरोघरी पोस्टकार्डं यायची. संतोषी मातेची नाहीतर तिरुपती बालाजीची. हे पत्र मिळताच अकरा जणांना पाठवा, अमक्याने पाठवलं त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याचा बैल मेला. गणिताने पाहिलं तर हे पत्र भयंकर होतं. अकरांनी अकरांना, त्यांनी आणखी अकरांना असं पाच वेळा झालं की १ लाख ६१ हजार, दोन औंध पार. नवव्या वेळेला २३५ कोटी; त्या वेळच्या भारताची लोकसंख्या साठ-बासष्ट कोटी होती. तरी देश संतोषी मातेच्या पत्रांखाली गाडला गेला नाही. कारण अकरा कार्डं विकत आणायची, अकरा वेळा तोच मजकूर हाताने उतरवायचा, अकरा पत्ते आठवायचे. भीती कितीही असली तरी तिसऱ्या-चौथ्या कार्डाला मनगट दुखायला लागतं. त्या मनगटाने देश वाचवला. अंगठा दुखत नाही.

फुकटपणाचा खरा हिशेब कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. त्यांनी फालतू ई-मेल पाठवणाऱ्या एका टोळीच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि औषधांच्या जाहिरातींचे मेल कुठे जातात, किती जण फसतात ते आतून मोजलं. सव्वीस दिवसांत ३४ कोटी ७५ लाख ९० हजारांच्या वर मेल गेले. विक्री झाली अठ्ठावीस. चुकून सुटलेला आकडा नाही हा, अठ्ठावीसच. एक गिऱ्हाईक मिळवायला सव्वा कोटीच्या आसपास दारं वाजवायची, म्हणजे १६३ औंधांत घरटी, माणसागणिक हाक घालत फिरायचं आणि एका माणसाला पुडी विकून परत यायचं. एकूण गल्ला २,७३१ डॉलरांचा, तेव्हाच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी टोळीने ५० पैशांची पोस्टकार्डं वापरली असती तर पोस्टाचा खर्च १७ कोटी ३७ लाख आला असता. सव्वा लाखासाठी सतरा कोटी घालणारा वेडा शोधून सापडणार नाही. शून्य घालणारे मात्र लाखो आहेत. अठ्ठाविसावर भागतं त्यांचं.

या धंद्याचा मूळपुरुषही ठाऊक आहे. गॅरी थर्क हा अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीचा विक्रेता. ३ मे १९७८ रोजी त्याने नव्या संगणकाच्या जाहिरातीचा मेल सुमारे चारशे जणांना एकदम पाठवला. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरात सांडले. लोक भडकले, त्याला तंबी मिळाली. चारशे! आज लग्नाचं निमंत्रणही त्याहून जास्त जणांना एका दमात जातं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. २०१८ चा जुलै तसा नाही.

त्या वर्षी देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फोनवरून फिरत होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मुलं पळवणारे नव्हते. मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मंगळवेढा म्हणजे आटपाडीपासून फार लांब नाही. जुन्या औंध संस्थानच्या शेजारची माणसं.

तेव्हा एखादा संदेश एका दमात अडीचशेच्या आसपास ठिकाणी पुढे ढकलता येत असे आणि ग्रुप २५६ जणांचा असे. अडीचशे गुणिले २५६ म्हणजे ६४ हजार. एका माणसाचा अंगठा एकदा दाबला की जवळजवळ एक अख्खं औंध. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती पाचाची मर्यादा घातली: एका वेळी पाचच ठिकाणी. पुढच्या जानेवारीत ती जगाला लागू झाली. पाच ग्रुप गुणिले २५६ म्हणजे १,२८०; एका फटक्यात पन्नासावा हिस्सा. २०२० च्या एप्रिलमध्ये आणखी एक पाचर मारली. पाच-पाच वेळा पुढे ढकलत आलेला संदेश आता एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यानंतर असे संदेश सत्तर टक्क्यांनी घटले, असं कंपनीने जाहीर केलं. कुणाला पकडलं नाही, कुणाला समजावलं नाही, काही वाचलंही नाही. फक्त मनगटाला पुन्हा थोडं दुखेल अशी व्यवस्था केली.

पण त्याच कंपनीने २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि नोव्हेंबरात १,०२४ केली. पाच ग्रुप गुणिले १,०२४ म्हणजे ५,१२०. एका हाताने घेतलं त्यातलं थोडं दुसऱ्या हाताने परत दिलं. एकदा पुढे ढकललेला संदेश त्याच वर्षीपासून एका वेळी एकाच ग्रुपवर जातो. शंभरात एकानेच तो पुढे पाठवायचं ठरवलं तरी दुसऱ्या खेपेला एक्कावन्न जण मिळून ५२ हजारांपर्यंत, म्हणजे दोन-तृतीयांश औंधाला तोंड दाखवून येतात. तिसऱ्या खेपेला ५ लाख ३४ हजार. चौथ्या खेपेला ५४ लाखांच्या वर. एकच माणूस दहा ग्रुपांत असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा पुष्कळ खाली येतो, हे खरं. तरी नव्वद टक्के गाळूनही जे उरतं ते सात औंधांहून जास्त आहे.

गाळण्यावरून आठवलं. परक्याने टाकलेला कचरा गाळण्यात यंत्रं आता तरबेज झाली आहेत. जीमेल रोज १५ अब्जांच्या आसपास नको असलेले मेल दाराबाहेर ठेवतं, असं गुगल सांगतं. सेकंदाला एक लाख ७३ हजार, दोन औंधांहून जास्त. एअरटेलने २०२४ च्या सप्टेंबरात फालतू फोन ओळखणारी यंत्रणा सुरू केली. अडीच महिन्यांत ८०० कोटी फोनवर तिने शिक्का मारला. मिनिटाला एक औंध. आणि व्हॉट्सॲपने २०२३ च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात भारतातली ७४ लाख २० हजार ७४८ खाती बंद केली. रोज तीन औंधांना टाळं. यातली पस्तीस लाखांवर खाती कुणी तक्रार करण्याच्या आतच बंद झाली, कारण एका तासात हजार अनोळखी माणसांना एकच मजकूर पाठवणारा माणूस नसतो हे यंत्राला कळतं.

यंत्राला जे कळत नाही ते तुमचे मामा. त्यांचं खातं खरं, नंबर खरा, माया खरी. ते देवाचा फोटो पाठवतात, गुडघेदुखीवर निरगुडीचा पाला पाठवतात, दहा वर्षांपूर्वी हरवलेल्या आणि तेव्हाच सापडलेल्या मुलाचा फोटो 'जास्तीत जास्त शेअर करा' म्हणून पाठवतात. पाण्याच्या ग्रुपवर राजकारण, शाळेच्या ग्रुपवर प्लॉट, सोसायटीच्या ग्रुपवर किल्ले. यातलं काहीच खोटं किंवा वाईट असायला पाहिजे असं नाही. ते फक्त तिथलं नाही. जगातलं कुठलंही गाळणं यावर चालत नाही, आणि चालू नये असं मला वाटतं. मामाच्या मायेचा कचरा ठरवणारं यंत्र उद्या आणखी काय काय कचरा ठरवील सांगता येत नाही.

मग लोक स्वतःच नियम सांगू लागतात आणि खरी गंमत तिथे होते. 'ग्रुपच्या विषयाला धरूनच पोस्ट टाका.' हा संदेशही १,०२३ जणांना जातो. त्याखाली चाळीस अंगठे. मग एकाचा टोमणा, 'परवा तुम्हीच टाकलं होतं.' मग समजूत, मग रुसवा, मग एक जण लेफ्ट होतो, मग त्याला परत घ्या म्हणून तीस विनंत्या. विषय सोडून बोलू नका या विषयावर जेवढं बोललं जातं तेवढं मूळ विषयावर वर्षात बोललं जात नाही. हे मराठी माणसाचंच वैशिष्ट्य आहे असा गैरसमज नको. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना गेला. अकरा औंध डॉक्टर, परिचारिका, कारकून. 'मला हा का आला?' असं कुणीतरी सगळ्यांना विचारलं. एक प्रश्न म्हणजे ८ लाख ४० हजार मेल. 'कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका' असं दुसऱ्याने सगळ्यांना कळवलं. आणखी ८ लाख ४० हजार. अशी शंभर उत्तरं म्हणजे ८ कोटी ४० लाख. यंत्रणा रांगायला लागली.

इथे परत औंधला यावं लागतं, आणि ते केवळ मापासाठी नाही.

१९३८ च्या नोव्हेंबरात भवानरावांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि २१ जानेवारी १९३९ ला संस्थानची स्वराज्य घटना अमलात आली. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनिअर आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी गांधीजींशी बोलून तिचा आराखडा केला होता. पुस्तकांत हा प्रयोग लोकशाहीचा म्हणून येतो. आपण फक्त आकडेमोड करू.

७६ हजार माणसांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं तर किती जोड्या होतात? २८८ कोटी ७९ लाख ६२ हजार. कुठल्याही राजाला, कुठल्याही यंत्राला हे ऐकणं शक्य नाही. औंधच्या घटनेने सुरुवात गावापासून केली. गाव साडेदहाशेचं, तिथे जोड्या साडेपाच लाख. बहात्तर गावांच्या मिळून चार कोटी. २८८ चे ४ झाले, तेही कुणाचं तोंड न दाबता, प्रत्येकाला आपापल्या गावात बोलायला सांगून. मग प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे. पाच माणसांत जोड्या दहा. बहात्तर गावांच्या ७२०. पुढे गावोगावच्या पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुका समिती आणि तिथून निवडलेले प्रतिनिधी विधिमंडळात. जवळजवळ तीनशे कोटींचा गलबला आणि सातशे वीस बोलणी, यांत एवढाच फरक की कोणती गोष्ट कुठे बोलायची हे आधी ठरलं होतं. गावची विहीर गावात, तालुक्याचा रस्ता तालुक्यात. विहिरीवरून संस्थानच्या विधिमंडळात कुणी भांडायचं नाही, कारण विहीर तिथवर पोचतच नाही.

८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग नऊ वर्षांत संपला. व्हॉट्सॲपने २०२२ च्या नोव्हेंबरात 'कम्युनिटी' नावाची सोय आणली: खाली छोटे ग्रुप, ज्याचा त्याचा विषय घेऊन, आणि वर फक्त घोषणांसाठी एक. त्र्याऐंशी वर्षं उशिरा, पण वाट तीच.

औंध संस्थानात आणखी एक गोष्ट होती. कुंडलशेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी याच संस्थानात येई. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. शंकरराव किर्लोस्कर संपादक. मराठी मासिकांच्या कचेऱ्यांत जे येई त्यातलं बहुतेक 'साभार परत' जाई. लेखक चडफडायचा, पण वाचकापर्यंत ते पोचायचंच नाही. ग्रुपच्या ॲडमिनला ही सोय नाही. त्याच्या आधी संदेश सगळ्यांकडे पोचलेला असतो. तो फार तर मागाहून पुसू शकतो, आणि तेही २०२२ पासून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निकालात हेच म्हटलं. सदस्याने काय टाकावं हे ॲडमिनला आधी अडवता येत नाही, त्याच्या हातात फार तर माणूस घेणं आणि काढणं असतं. तेव्हा दोघांचा मिळून बेत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. ॲडमिन हा संपादक नव्हे. तो फार तर पाटील आहे, आणि तोही बिनपगारी.

तेव्हा ॲडमिन मंडळींना एक विनंती. नियमांचे लांबलचक संदेश टाकणं थांबवा. ते कुणी वाचत नाही आणि त्यांचाच गुणाकार होतो. गावाचे दोन ग्रुप करा. एकात पाणी, लाईट, लस, दाखले, आवर्तन, मयत, एवढंच. तिथे लिहिणारे पाच जण, गावाने निवडलेले, वर्षाने बदलणारे. दुसऱ्यात गुलाब, केक, किल्ले, राजकारण, निरगुडी, ज्याला जे हवं ते, आणि तिथे विषयाला धरून बोला असं कुणालाही सांगायचं नाही. पहिल्या ग्रुपसाठी लागणारी 'फक्त ॲडमिन' ही सोय जून २०१८ पासून सेटिंगमध्ये आहे. तिला पैसे पडत नाहीत.